आधी बस्ता, मग बाग

दिवाळी अंकासाठी नोकरीबद्दल लिहायचं म्हणजे आधी नोकरीचं नाव लिहायला हवं, आणि माझं तिथेच अडतं. पूर्वी एकदा शिरगणतीवाला दारात आला होता, त्यालाही ते सापडलं नव्हतं. "बाई, तुम्ही करता तरी काय?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "लोकांना मुंबईला नेते आणि परत आणते." त्यानं बराच वेळ टाक हवेत धरला आणि शेवटी 'घरकाम' लिहून तो निघून गेला.

अमरावतीच्या कापडबाजारात एका शेटजींचं मोठं दुकान होतं. माझे यजमान तिथे मुनीम होते. दम्यानं त्यांना घरी बसवलं तेव्हा शेटजींनी मला दुकानाच्या आतल्या खोलीत लुगडी दाखवायला ठेवलं. मोठ्या घरच्या बायका बाहेरच्या गादीवर बसायला संकोचत. आत मी असले की मोकळेपणानं मांडी घालून बसत, पदर ओढून बघत, अंगावर टाकून बघत. पुढे केव्हातरी शेटजींना कळलं की माझं माहेर गिरगावातलं, आणि माझं काम बदललं.

वऱ्हाडात लग्नाच्या कापडखरेदीला बस्ता म्हणतात. कापूस चांगला पिकला, संत्र्याला भाव आला, की मोठ्या घरांना अमरावतीचा बस्ता पुरेनासा व्हायचा. मग मुंबईचा हवा. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. सरकारी कागद नागपूरला जायचे. पण कापूस मुंबईला जायचा, आणि लोकांचं मन कापसाच्या मागून. शेटजींची मुंबईच्या घाऊक पेढ्यांशी ओळख होती. गिऱ्हाईक मी न्यायचं, माल त्या पेढ्यांवर घ्यायचा, शेटजींची दलाली त्यांना परस्पर मिळायची. मी सवाष्ण होते म्हणून हे जमलं. नाहीतर नवरीच्या शालूला माझा हात कोणी लागू दिला नसता. अमरावतीत मला 'मुंबईवाली बाई' म्हणायचे आणि गिरगावात माहेरी गेले की 'आली वऱ्हाडीण.' मी नक्की कुठली, ते मलाही कधी धड कळलं नाही.

काम सोपं वाटतं, पण तसं ते नव्हतं. मूळजी जेठा मार्केटातल्या पेढ्या खोल असायच्या आणि दिवसाही आत दिवे लागलेले. दिव्याखाली डाळिंबी दिसणारा शालू बाहेर उन्हात तपकिरी निघायचा. म्हणून पदर धरून दारात जायचं आणि उजेडात बघायचं, दुकानदाराचं तोंड वाकडं झालं तरी. लग्नाची तारीख त्याला सांगायची नाही. घाई दिसली की तो भाव ढिला सोडत नाही. कापड आवडलं तर तोंडानं म्हणायचं नाही. आमची खूण ठरलेली होती: आवडलं की "बाई, तहान लागली" म्हणायचं. एका पाटलीणबाईंना खरंच तहान लागली आणि आम्ही एक भडक जांभळं लुगडं घेऊन परत आलो. त्यांनी ते कधी नेसलं नाही, आणि माझ्याशी बोलणंही सोडलं.

बस्ता झाला की मुंबई दाखवायची. भुलेश्वरला बांगड्या, क्रॉफर्ड मार्केट, राणीची बाग, चौपाटी, अपोलो बंदर. अपोलो बंदरावर एका म्हाताऱ्या आजींनी पायऱ्या उतरून समुद्राचं पाणी चाखलं, थुंकलं, आणि माझ्याकडे वळून रागानं म्हणाल्या, "इतकं पानी अन पेयाले थेंब नाही! कोनं केलं हे असं?" जणू मीच केलं होतं.

माझा एकच कडक नियम होता: आधी बस्ता, मग बाग. मुंबई एकदा डोळ्यांत शिरली की माणसाला कापड दिसत नाही. तो नियम माझ्या हातून एकदाच मोडला, आणि तोही माझ्या मर्जीनं नाही. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

वरुडकडच्या एका माळी कुटुंबाची संत्र्यांची मोठी बाग होती. घर चालवायच्या गिरजाबाई. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, बोलणं असं की समोरचा मागे सरायचा. त्यांची थोरली मुलगी वेणू, तिचं लग्न ठरलं होतं. वेणूचे वडील बागेची तोड सोडून येऊ शकत नव्हते, म्हणून सोबतीला गिरजाबाईंचे भाऊ नामदेवमामा आले होते. मामांचा फेटा मोठा आणि मत त्याहून मोठं.

मुलगा अकोल्याचा. नाव दिगंबर. आईवडील नव्हते, काकांनी वाढवलेला. शिकलेला होता आणि काही वर्षांपासून मुंबईत काळबादेवीला एका कापसाच्या पेढीवर नोकरीला होता. हे स्थळ मामांनी आणलेलं, त्यामुळे बडनेऱ्याला मेलची वाट बघताना ते मला त्याचीच तारीफ ऐकवत होते.

"मुलगी पाह्याले आला होता ना, बाई, काय सांगू! गोरापान, नाकीडोळी नीटस. अन गुनाचा असा का तोंडातून शब्द नाही. सगळं काकाच बोलला. पोरगा नुसता मान हालवे."

"तू पाहिलंस का गं नीट?" मी वेणूला विचारलं.

ती अंगानं भरलेली, आईसारखीच सावळी, पण बोलायला कमी. "मी कुठून पाहीन? मान खाली होती माही. पाय दिसले." मग जरा थांबून म्हणाली, "अंगठ्याजवळचं बोट अंगठ्यावर चढलेलं हाय. दोन्ही पायाचं."

गिरजाबाई हसल्या. "अंतरपाट निघाला का बाकीचं पाहून घेजो."

बोरीबंदरला उतरलो तर बाजारात हरताळ. चळवळीचे दिवस होते; केव्हा कुठल्या पेढीचं दार बंद होईल याचा नेम नसायचा. कापडबाजार त्या दिवशी पूर्ण बंद. धर्मशाळेत सामान टाकलं आणि मी म्हटलं, आज आराम करा. गिरजाबाई म्हणाल्या, "आराम कराले मुंबई कायले पाह्यजे? आमच्या बागेत काय झाडाखाली सावली नाही?" म्हणून नाइलाजानं मी त्यांना आधी बाग दाखवायला निघाले.

वाटेत क्रॉफर्ड मार्केट लागलं. फळांच्या गाळ्यांत शिरलो आणि गिरजाबाई थबकल्या. संत्र्यांचा डोंगर रचलेला होता आणि विकणारा ओरडत होता, "नागपूरका संतरा!" त्यांनी एक संत्रं उचललं, देठाकडून नखानं सालीला ओरखडा काढला, हुंगलं.

"हे आमच्याकडचं हाय. नागपूर काहून मनते हा?"

मी त्याला हिंदीत विचारलं. तो म्हणाला, "बाई, नागपूर बोलो तो बिकता है. दूसरा नाम बोलो तो लोग पूछते, खट्टा है क्या."

हे मी सांगितल्यावर गिरजाबाई इतक्या बुचकळ्यात पडल्या की भांडायच्याही विसरल्या. ट्राममध्ये बसल्यावर मधूनच म्हणत, "झाड आमचं, पानी आमचं, अन नाव भलत्याचंच."

राणीच्या बागेत सुटीची गर्दी होती. मामा वाघापाशी अडकले. वेणूला पाणघोड्याचं नवल वाटलं. मग एका मोठ्या झाडाखाली आम्ही दशम्या सोडायला बसलो, आणि गिरजाबाईंचा हात माझ्या दंडावर आला.

"बाई, तो पाहा. तो टोपीवाला."

थोड्या अंतरावर हिरवळीवर एक कुटुंब बसलं होतं. गोरा, नाकेला तरुण. शेजारी ठसठशीत कुंकू लावलेली बाई. आणि त्याच्या मांडीवर दोन-अडीच वर्षांचं मूल. तो मुलाला शेंगा सोलून भरवत होता.

"आमचे जवाई व्हयेत ते," गिरजाबाई म्हणाल्या.

मामांनी वळून पाहिलं. पाहिलं आणि लगेच म्हणाले, "छट्. नाही. असंच दिसनारं कोनी असन." मग पुन्हा पाहिलं. "पन... नाही नाही. दिगंबरराव जरा उंच होते."

"बसला होता तो पाटावर. तुले उंची कुठून दिसली?"

"मंग तो नाही. तो कसा असन? त्याचं तं लगन व्हाचं हाय!"

"मी तेच मनून राह्यली, नामदेव!"

मला काहीच कळेना. मी त्या मुलाला कधी पाहिलेलं नव्हतं. मुंबईत एकासारखी एक माणसं रोज दिसतात, असं काहीतरी मी बोलले. दोघं एकमेकांना "व्हय" आणि "नव्हे" म्हणत राहिले. मधेच गिरजाबाई "नव्हे" म्हणायला लागल्या आणि मामा "व्हय." तो माणूस हिरवळीवर पाय पसरून बसला होता आणि त्याचे पंपशू बाजूला काढून ठेवलेले होते. वेणू उठली, बांगड्या सावरल्यासारखं करत त्याच्या बाजूनं चालत गेली आणि वळून आली.

"तेच हायेत," ती म्हणाली. "पाय तेच हायेत."

मग मात्र गिरजाबाईंना कोणी थांबवू शकलं नसतं. त्या तरातरा गेल्या आणि त्या बाईसमोर उभ्या राहिल्या. मी मागून धावले.

"हे पोट्टं कोनाचं व्हय?"

वऱ्हाडात पोट्टं म्हणजे नुसतं मूल. पण त्या बाईला ती शिवी वाटली. ती तळकोकणातली होती. "कोण गे तुमी? माझ्या झिलाक काय म्हटलात?"

"हा मानूस तुमचा कोन लागते?"

"ह्यो? ह्यो माझो घोव!"

गिरजाबाई माझ्याकडे वळल्या. "गहू? गव्हाचं काय मनते हे?"

इतक्या वर्षांत मी पुष्कळ भाव केले, दोन भाषांच्या मधे पुष्कळदा उभी राहिले. पण असला शब्द कधी सांगावा लागला नव्हता. "घोव म्हणजे नवरा," मी म्हटलं. "हा तिचा नवरा आहे, गिरजाबाई."

आणि तेवढ्यात त्या तरुणानं गिरजाबाईंना ओळखलं. त्याच्या हातातल्या शेंगा सांडल्या. एका पायात पंपशू, दुसरा तसाच, असा तो उभा राहिला आणि सरळ गिरजाबाईंच्या पाया पडला. ते बघून त्याची बायकोही गोंधळली आणि तिनंही वाकून नमस्कार केला.

"आई, मी दिगंबर नव्हे," तो म्हणाला. "माझं नाव वामन. दिगंबर आमच्याच पेढीवर आहे. तुम्हाला... तुम्हाला सांगितलं नाही का त्यांनी?"

त्यानं जे सांगितलं ते मला दोनदा ऐकावं लागलं. पेढीच्या कामानं तो दिगंबरबरोबर अकोल्याला गेला होता. दिगंबरच्या काकांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की दिगंबरला ताप आहे, बघण्याचा मुहूर्त मोडायला नको, तू त्याच्या जागी पाटावर बसून ये. मुलीकडच्यांना सगळं कळवलेलं आहे.

"मला वाटलं, तुमच्या वऱ्हाडात अशी रीत असेल," वामनराव म्हणाले. "काका म्हणाले, तू तोंड उघडू नको, तुझी बोली त्यांना कळायची नाही. म्हणून मी बोललो नाही."

मामाही मागून येऊन पोचले होते. "अन आमी मनत होतो, किती गुनाचा पोरगा!"

"तुमी थंय नवरो होऊन बसलात?" बायकोनं विचारलं. तिला नवरा अकोल्याला कापूस बघायला गेला होता एवढंच ठाऊक होतं. ते मूल रडायला लागलं. गिरजाबाईंनी सवयीनं त्याला उचललं आणि थोपटायला लागल्या, आणि थोपटता थोपटता विचारलं, "मंग दिगंबर कसा हाय?"

वामनरावांनी मान खाली घातली. मुंबईत आल्यावर दिगंबरला देवी आल्या होत्या. वाचला, पण तोंडभर वण राहिले आणि डाव्या डोळ्यात फूल पडलं. तेव्हापासून तो अकोल्याला क्वचितच जाई, आणि गेला तर उपरण्यानं तोंड झाकून. काकांनी ठरवलं असणार की एकदा अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, की कोण काय करणार?

आम्ही धर्मशाळेत कसे परतलो ते मला आठवत नाही. दशम्या तिथेच झाडाखाली राहिल्या.

दुसऱ्या दिवशी हरताळ संपला. कापडाच्या पेढीचा माणूस सकाळीच निरोप घेऊन आला, माल काढून ठेवलाय, या. आणि इथे कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मामांना अकोल्याची गाडी धरून काकाची गचांडी धरायची होती. गिरजाबाई एकदा म्हणत, लग्न मोडलं. लगेच म्हणत, मोडलं तर पोरीला दुसरं कोण करेल, लोक तिलाच नाव ठेवतील. मग म्हणत, झालं गेलं विसरून बस्ता बांधूनच टाकू. त्यांनी माझा हात धरला. "बाई, तुमी मुंबईच्या. तुमी सांगा."

मला रेशीम कळत होतं. जर खरी की खोटी ते बोटाला कळत होतं. हे कळत नव्हतं. मी म्हटलं, "मला सुचत नाही."

"मले त्याले पाह्याचं हाय," वेणू म्हणाली.

"कोनाले?"

"ज्याच्याशी माहं लगन लागून राह्यलं, त्याले."

मामा ओरडले. गिरजाबाई मात्र मला म्हणाल्या, "बोलवा." असं काम माझ्याकडे पूर्वी कधी आलं नव्हतं. मी काळबादेवीला जाऊन वामनरावांना गाठलं. ते म्हणाले, पेढी सुटल्यावर चौपाटीवर आणतो.

ऊन उतरत होतं. वाळूत मुलं धावत होती, भेळवाले ओरडत होते. वामनराव आले, आणि त्यांच्यामागे एक सडपातळ तरुण, तोंडाभोवती उपरणं गुंडाळलेला. वेणू मला म्हणाली, "बाई, आईले अन मामाले तिकडे बसवा. तुमी इथं राहा, पन तोंड समुद्राकडे करा."

मी तोंड समुद्राकडे केलं. कान कुठे करायचे ते तिनं सांगितलं नव्हतं.

"उपरनं काढा," ती म्हणाली. उपरण्याची सळसळ ऐकू आली. मग पुन्हा तिचाच आवाज. "तुमाले ठाऊक होतं?"

"होतं." आवाज हळू, पण स्पष्ट होता.

"ताप होता?"

"नाही. ताप नव्हता."

"मंग काकाले नाही काहून नाही मनलं?"

"मनाले पाह्यजे होतं."

"अंतरपाट निघाल्यावर मी काय केलं असतं?"

"रोज त्याचाच इचार करत होतो," तो म्हणाला. "काही सुचत नव्हतं."

एक लाट आली आणि गेली. मग वेणू बोलली, आणि तिचा आवाज मी बडनेऱ्यापासून मुंबईपर्यंत ऐकला नव्हता इतका मोठा होता. "तुमच्या तोंडाचं मले काही नाही. देवी आमच्याही गावात येते, माह्या मोठ्या भावाले घेऊन गेली. तुमी वाचले, चांगलं झालं. पन माह्या दारात तुमी दुसरा मानूस पाठवला अन सोता घरात बसून राह्यले. असा मानूस मले नाही पाह्यजे."

मी न राहवून वळले. तो उघड्या तोंडानं उभा होता. चेहरा सगळा वणांनी भरलेला, एक डोळा पांढुरका. दुसऱ्या डोळ्यानं तो तिच्याकडे बघत होता. त्यानं हात जोडले, तिला, मग मला, का कोण जाणे, आणि गेला. उपरणं पुन्हा गुंडाळायला विसरला, की मुद्दाम गुंडाळलं नाही, ते मला सांगता येणार नाही. वेणू वाळूत बसली आणि हसली की रडली, तेही मला नीट दिसलं नाही. गिरजाबाई आल्या, लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि इतकंच म्हणाल्या, "चाल."

मुंबईहून रिकाम्या हातानं परतलेली माझी ती एकच खेप. शेटजींना काही केल्या समजेना. "हरताळ तर सुटला होता ना? मग माल पसंत नव्हता का?" ते विचारत राहिले. मी म्हटलं, "माल पसंत होता, गिऱ्हाईक बदललं." त्यांनी पुढे विचारलं नाही, पण कित्येक दिवस माझ्याकडे संशयानं बघत होते.

गावात व्हायचं ते झालं. लग्न मुलीनं मोडलं म्हटल्यावर तिला बोल लागला. खोटा मुलगा दाखवला याचं कोणाला फारसं वाटलं नाही. दोनेक स्थळं आली आणि चौकशी करून परत गेली. गिरजाबाई बाजारासाठी अमरावतीला आल्या की दुकानात डोकावत, पण बसत नसत. मलाही विचारायचा धीर होत नसे.

पुढच्या मृगबहाराची, म्हणजे मृगात फुललेल्या संत्र्यांची, तोड संपली तेव्हा एके दुपारी त्या आल्या आणि आतल्या खोलीत गादीवर ऐसपैस बसल्या. "बाई, बस्ता बांधाचा हाय. मुंबईचाच."

मला इतका आनंद झाला! "वेणूचा? मुलगा कुठला?"

"अकोल्याचा."

"अगं बाई, पुन्हा अकोल्याचाच?"

"पुन्हा तोच," गिरजाबाई म्हणाल्या.

त्यांनीच मग सांगितलं. दिवाळीनंतर एक दिवस भर दुपारी दिगंबर त्यांच्या गावात आला. एकटाच, तोंड उघडं, वेशीपासून सगळ्या गल्लीतून चालत. पोरं मागे लागली होती. बागेत वेणूच्या वडिलांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, मागच्या टायमाले पाटावर बसला होता तो मी नव्हतो. काकाचं घर मी सोडलं. मी आता आलो. वडील गांगरून गेले. त्यांनी त्याला बसा म्हटलं, तर तो बसेना. तोडीवरची माणसं जमा झाली. वेणू झाडाखाली संत्री भरत होती, तिथून उठली, आणि पाणी तिनंच आणून दिलं.

"अन मंग?"

"मंग काय? पानी पेला, अन बसला."

त्या खेपेला गाडीत मी वेणूला गाठलं. मला ते समजून घ्यायचंच होतं. मी तिच्या जागी असते तर दुसऱ्यांदा दार उघडलं नसतं. किंवा पहिल्यांदाच मुकाट्यानं माळ घातली असती. माझ्या लग्नात मला कोणी काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे काय केलं असतं ते तरी कसं सांगू?

"तू नाही म्हणालीस त्याला, चौपाटीवर. मी ऐकलंय. मग आता हो का?"

ती खिडकीबाहेर बघत होती. मूर्तिजापूर मागे गेलं होतं. "बाई, मी नाही मनलं, तं त्यानं दुसरी पोरगी पाह्याची होती. तो माह्याच दारात काहून आला, ते मले समजलं नाही. रात्र रात्र गंज इचार केला. नाहीच समजलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मनून हो मनलं. समजून घ्याले येळ लागते ना."

मुंबईत बाजार उघडे होते आणि मी सरळ त्यांना मूळजी जेठात नेलं. दिगंबर पेढीच्या दारात येऊन उभा होता. वेणूनंच बोलावलं होतं म्हणे. जोडे काढून तो आत गादीच्या कडेला बसला. मुलीच्या बस्त्याला नवरदेव, हे मी माझ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि दुकानदारानंही नाही. तो एकदा वेणूकडे बघे, एकदा दिगंबरच्या चेहऱ्याकडे, आणि शालू कोणासमोर उलगडायचा ते त्याला कळेना. गिरजाबाई खांबाला टेकून मजा बघत होत्या. मामा फेटा सावरत रस्त्याकडे तोंड करून बसले होते. स्थळ आपणच आणलं होतं हे त्यांना आता पुन्हा आठवायला लागलं होतं.

शेवटी दुकानदार हात जोडून म्हणाला, "नवरदेव, आपण बाहेर बाकावर बसा ना. बायकांचं काम आहे, वेळ लागेल."

दिगंबर लगेच उठला. जोड्यात पाय घालू लागला.

वेणू पदर उजेडाकडे धरून जर बघत होती. तिनं मान वर केली नाही. "कुठी चालले?" ती म्हणाली. "इथंच बसा."

"मले लुगड्यातलं काही समजत नाही," तो म्हणाला.

"मले तरी कुठी समजते? बसा."

तो बसला. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, आता पुढे काय, असं. त्या दोघांचं मला काडीचंही कळलं नव्हतं आणि अजूनही कळलेलं नाही. पण पुढे काय करायचं तेवढं मला पक्कं ठाऊक होतं.

मी म्हटलं, "हिरवे काढा. आणि दोघांना दिसतील असे मधे टाका."